सक्रिय फोलेट आणि दुसरी किल्ली

ज्येष्ठ सरता सरता आमच्या सुनेला दिवस गेल्याचे निश्चित झाले आणि घरातील प्रत्येकाचे लक्ष तिच्या ताटाकडे वळले. त्याच आठवड्यात एके दिवशी सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर तिने माझ्यासमोर औषधांच्या दोन पट्ट्या ठेवल्या. एक पट्टी डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली, फॉलिक अ‍ॅसिडच्या इवल्याशा पिवळ्या गोळ्यांची. ती तीन महिन्यांपासून, म्हणजे दिवस जाण्याच्या आधीपासूनच, चालू होती. दुसरी तिच्या कार्यालयातील मैत्रिणीने सुचविलेली, चकचकीत खोक्यातली, 'सक्रिय फोलेट' अशी ठळक अक्षरे मिरविणारी. या दुसऱ्या पट्टीच्या किमतीत पहिल्या गोळ्या कितीतरी महिने पुरल्या असत्या.

"आई, हिशेब तुमच्याकडे," ती म्हणाली. "साधी गोळी पुष्कळांच्या शरीराला वापरताच येत नाही, असे सगळीकडे सांगतात. मग महाग तर महाग, हीच घेऊ का?"

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. सारी हयात बँकेत खातेवह्या तपासण्यात गेली. वैद्यकाशी माझा संबंध आला तो रुग्ण म्हणूनच. तरीही या प्रश्नाला 'डॉक्टरांना विचार' एवढेच उत्तर देऊन मी मोकळी होऊ शकले नाही, कारण फॉलिक अ‍ॅसिडच्या त्या पिवळ्या गोळीशी माझा स्वतःचा एक जुना हिशेब होता. तो आधी सांगते.

निवृत्तीच्या चार वर्षे आधी मला विलक्षण थकवा येऊ लागला. विरार लोकलमध्ये उभे राहणे अशक्य होई. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन नऊवर आलेले. लोहाच्या आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या पाच मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन बाराच्या वर गेले, चेहऱ्यावर तजेला आला, आणि मी कोणालाही न विचारता त्या गोळ्या पुढे तीन वर्षे चालू ठेवल्या. 'जीवनसत्त्वच तर आहे, अपाय काय होणार' ही आपली नेहमीची समजूत. या काळात तळपायांना मुंग्या येत. पुढे त्या मुंग्याही थांबल्या आणि पायांना कापूस गुंडाळल्यासारखे वाटू लागले. वय झाले, असे म्हणून मी तेही सोडून दिले. एका माघातल्या पहाटे आम्ही आगाशीच्या मंदिरात दर्शनाला गेलो होतो. अनवाणी उभ्या असलेल्या बाकीच्या बायका संगमरवराच्या गारठ्याने पाय उचलून धरीत होत्या, आणि मला ती फरशी गार आहे की कोमट, हेच कळत नव्हते. त्या दिवशी प्रथम भीती वाटली.

मज्जातंतूंच्या तज्ज्ञांनी माझे जुने अहवाल चाळले आणि एकच प्रश्न विचारला, "बी-१२ कधी पाहिले?" ते कधीच कोणी पाहिले नव्हते. पाहिले तेव्हा प्रयोगशाळेच्या किमान मर्यादेच्या निम्म्यावर निघाले. इंजेक्शने घेतल्यावर पुष्कळसा फरक पडला, पण उजव्या पायाची दोन बोटे आजही माझी नाहीत. फॉलिक अ‍ॅसिडने माझे रक्त सुधारले होते आणि रक्त सुधारल्यामुळेच आतल्या दुसऱ्या उणिवेचा कोणाला संशय आला नव्हता. ताळेबंद जुळला म्हणून कोणी खाती उघडून पाहिली नाहीत, असे हे झाले. यात कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. तीन वर्षे औषध चालू ठेवणारी मी होते.

त्यानंतर मी वाचू लागले, आणि वाचता वाचता ध्यानात आले की या दोन जीवनसत्त्वांची जोडकथा जिथे सुरू झाली त्या जागेवरून मी अकरा वर्षे रोज ये-जा केली होती. माझी शाखा परळला होती. एल्फिन्स्टन रोडला (आताचे प्रभादेवी) उतरून पूल ओलांडून चालत जाताना हाफकिन इन्स्टिट्यूटचे फाटक लागे. मला ती संस्था प्लेगची आणि सर्पदंशाच्या लशीची म्हणून ठाऊक. तेथेच १९२८ साली लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर येऊन राहिली होती, हे मला साठी उलटल्यावर कळले.

तेव्हाच्या मुंबईत गिरणी कामगारांच्या वस्त्यांमधील अनेक स्त्रिया गरोदरपणात एका विचित्र पंडुरोगाने मृत्युमुखी पडत. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी होत, पण उरलेल्या पेशी आकाराने फुगलेल्या असत. भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी या प्रश्नाकडे लक्ष वेधले. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने मातामृत्यूंची चौकशी हाती घेतली आणि लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टने तिला आर्थिक साहाय्य दिले. विल्सबाई त्या कामासाठी आल्या. त्यांचे पहिले शिक्षण केंब्रिजला, वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचे; वैद्यक त्या नंतर शिकल्या. कदाचित म्हणूनच असेल, त्यांनी रोगजंतू शोधण्यात फार काळ घालविला नाही आणि त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. तळपदे या भारतीय सहकाऱ्यासह त्यांनी मुंबईतील वेगवेगळ्या समाजांतील आणि आर्थिक थरांतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. आजारी पडणाऱ्या स्त्रियांच्या पानात ताजी भाजी, फळे आणि दूध जवळजवळ नसेच.

त्या काळी दुसरा एक पंडुरोग वैद्यकाला ठाऊक होता, 'पर्निशस' म्हणजे घातक या नावाचा. त्यातही पेशी अशाच फुगतात. त्यावर यकृताचा अर्क गुणकारी ठरल्याचे नुकतेच सिद्ध झाले होते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही रोग जुळ्या भावांसारखे दिसत. पण मुंबईच्या रुग्ण स्त्रियांची लक्षणे त्या रोगाशी पुरती जुळत नव्हती; विशेषतः मज्जातंतूंची हानी त्यांच्यात दिसत नसे. विल्सबाईंनी अनेक पदार्थ देऊन पाहिले. अखेर यश आले ते मार्माइटला. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टपासून केलेला, इंग्रज लोक पावाला लावून खातात तो काळपट, खारट लेप. तो दिल्यावर काही दिवसांतच भूक परते आणि रक्तात नव्या पेशी दिसू लागत. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्या अज्ञात द्रव्याला पुढे पुष्कळ वर्षे 'विल्स घटक' म्हणत.

याच संशोधनात माकडांना निकस आहार देऊन आजारी पाडले गेले, याचाही उल्लेख करायला हवा. आपल्यासारख्यांना ते वाचताना त्रास होतो. मलाही झाला. पण जी गोळी आज माझी सून घेते तिच्या मागे तेही आहे, आणि ते लपवून ही हकीकत सांगणे मला बरे वाटत नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट १९३७ सालची. विल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की यकृताचा जो शुद्ध केलेला अर्क 'घातक' पंडुरोग बरा करतो तो या दुसऱ्या पंडुरोगावर चालत नाही, कच्चा अर्क मात्र चालतो. म्हणजे द्रव्ये दोन आहेत. शुद्ध अर्कातील द्रव्य ते बी-१२, जे १९४८ साली वेगळे काढता आले. दुसरे ते फोलेट. १९४१ साली टेक्सासमधील संशोधकांनी चार टन पालकातून ते मिळविले आणि लॅटिनमधील पानाच्या नावावरून त्याचे फॉलिक अ‍ॅसिड असे बारसे केले. ते प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या घडविण्याचे काम ज्या चमूने केले त्याचे नेतृत्व आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. स्वस्त गोळी शक्य झाली ती त्यामुळे.

आणि ती बाजारात येताच डॉक्टरांनी जी चूक केली तीच पुढे माझ्या बाबतीत झाली. 'घातक' पंडुरोगाच्या रुग्णांना त्यांनी फॉलिक अ‍ॅसिड दिले. रक्त सुधारले. पण काही महिन्यांत त्यांपैकी अनेकांचे पाय बधिर झाले, चाल बिघडली. १९४७-४८ च्या सुमारास हे वैद्यकाला नीट उमगले. पाऊणशे वर्षांपूर्वी शिकलेला धडा वसईत एका बँक अधिकाऱ्याच्या तळपायांपर्यंत पोहोचला नव्हता, इतकेच.

आता सुनेच्या प्रश्नाकडे येते. सक्रिय फोलेट म्हणजे नेमके काय?

फोलेट हे एकच द्रव्य नव्हे, ते एक कुटुंब आहे. हरभऱ्यात, मुगात, पालकात ते ज्या रूपांत असते ती रूपे नाजूक असतात. भाजी उकळून पाणी फेकले की त्यातले बरेचसे त्या पाण्याबरोबर जाते. फॉलिक अ‍ॅसिड हे मनुष्याने घडविलेले टिकाऊ रूप. ते पोटात गेल्यावर मुख्यतः यकृतात काही पायऱ्या चढते आणि शेवटी मिथाइलफोलेट होते. आपल्या रक्तात फिरणारे प्रमुख फोलेट ते हेच. भाजी-डाळीतील फोलेटही अखेर याच रूपात रक्तात येते. 'सक्रिय' म्हणून जे विकतात ते हे मिथाइलफोलेट, आधीच तयार करून कॅप्सूलमध्ये भरलेले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर फॉलिक अ‍ॅसिड हा धनादेश, तो वटावा लागतो. सक्रिय फोलेट ही रोख रक्कम.

रोख केव्हाही बरी, असे कोणालाही वाटेल. विक्रेते ज्या गोष्टीवर बोट ठेवतात तीही खोटी नाही. धनादेश वटविणाऱ्या शेवटच्या खिडकीवर एमटीएचएफआर नावाचे एक एंझाइम बसलेले असते. काही लोकांत जन्मतःच त्याची जनुकीय घडण थोडी वेगळी असते आणि ते संथ काम करते. पण संथ म्हणजे बंद नव्हे. दोन्ही पालकांकडून ही वेगळी घडण आलेल्या व्यक्तींनी तेवढेच फॉलिक अ‍ॅसिड घेतले तर त्यांच्या रक्तातील फोलेट इतरांपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी भरते, असे अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते, आणि अशा व्यक्तींनाही फॉलिक अ‍ॅसिडच घेण्याचा सल्ला देते. भारतीयांत तर ही घडण युरोपीयांच्या मानाने कमीच आढळते. 'पुष्कळांना वापरता येत नाही' हे वाक्य या एवढ्याशा सत्याचे चढत्या व्याजाने फुगविलेले रूप आहे.

गरोदर स्त्रीच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे आणि तो मला निर्णायक वाटतो. गर्भाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीपासून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठावीस दिवसांत मिटते. पुष्कळदा स्त्रीला दिवस गेल्याचे समजण्याच्याही आधी. ती नीट मिटली नाही तर मूल उघड्या कण्याचे जन्मते किंवा जगत नाही. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील ३३ केंद्रांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांचे आधीचे मूल या दोषाने ग्रस्त होते त्यांना फॉलिक अ‍ॅसिड दिल्यावर पुढच्या खेपेस दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली. पुढच्याच वर्षी हंगेरीतील चाचणीने पहिल्या खेपेसही त्याचा उपयोग दाखविला. हा सारा पुरावा साध्या फॉलिक अ‍ॅसिडचा आहे. सक्रिय फोलेटने रक्तातील पातळी चांगली वाढते हे खरे, पण कण्याचा दोष टळतो हे अशा चाचणीने त्याच्या बाबतीत दाखविलेले नाही. महाग पट्टीवर भरवसा कदाचित सार्थही ठरेल; पण ज्या गोष्टीत दुसरी संधी नाही तेथे मी वटलेल्या धनादेशांचा इतिहास पाहीन.

सक्रिय फोलेट निरुपयोगी आहे, असे मात्र कोणी समजू नये. संधिवातावर किंवा कर्करोगावर मेथोट्रेक्सेट हे औषध देतात. ते फॉलिक अ‍ॅसिड ज्या पायरीवर चढते ती पायरीच अडविते. त्याची मात्रा मोठी असेल तर शरीराला वाचविण्यासाठी फोलिनिक अ‍ॅसिड हे आधीच पुढची पायरी चढलेले रूप द्यावे लागते, साध्या गोळीने तेथे काम होत नाही. एमटीएचएफआर जवळजवळ नसल्यासारखाच असतो असा एक दुर्मीळ जन्मजात विकार आहे. त्यातही मिथाइलफोलेटला महत्त्व आहे. नैराश्यावरील औषधांना जोड म्हणून ते देऊन पाहिले गेले आहे, निष्कर्ष संमिश्र आहेत. ही सारी तज्ज्ञांची क्षेत्रे. शेजारणीच्या सल्ल्याने आणलेल्या खोक्याशी त्यांचा संबंध नाही.

आता दुसरी किल्ली. बँकेत लॉकर घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला मी समजावून सांगत असे की तुमच्या एकट्या किल्लीने तो उघडत नाही. आमची किल्ली आधी फिरावी लागते. मिथाइलफोलेट पेशीत शिरते तेव्हा त्याच्या खांद्यावर मिथाइलचे ओझे असते. ते ओझे उतरविल्यावाचून फोलेटला नव्या पेशी घडविण्याचे काम करता येत नाही. ओझे उतरवून घेणाऱ्या एंझाइमला बी-१२ लागते. बी-१२ नसेल तर फोलेट तसेच ओझ्यासह अडकून पडते. शास्त्रज्ञ याला मिथाइलचा सापळा म्हणतात. म्हणजे पाहा, 'सक्रिय' म्हणून आपण जे महागडे रूप विकत घेतो ते नेमके त्याच रूपात असते ज्याला बी-१२ वाचून पुढे सरकता येत नाही. रोख रक्कम हातात आहे खरी, पण ती लॉकरमध्ये आहे आणि बँकेची किल्ली हरवली आहे. साधे फॉलिक अ‍ॅसिड सापळ्याला वळसा घालून रक्त तरी सुधारते, आणि म्हणूनच ते माझ्यासारखीला फसविते. सक्रिय फोलेट तसे फसविण्याची शक्यता कमी, असे त्याचे निर्माते सांगतात. असेल. पण बधिर होणारे पाय या दोघांपैकी कोणीच वाचवीत नाही.

ही उणीव आपल्यात किती आहे, याचे उत्तर पुण्यात मिळाले. तेथील के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष मांडले. ६७ टक्के जणांत बी-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. आणि फोलेट कमी असलेले किती? अवघे पाच टक्के. हे आकडे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. जी गोष्ट आपल्याकडे बहुतेकांजवळ आहे तिच्या भारी आवृत्तीसाठी आपण पैसे मोजतो आहोत, आणि जी दोन-तृतीयांश लोकांजवळ नाही तिची चौकशी करीत नाही.

त्याच चमूने १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा चालविला आहे. त्यातील २००८ सालचा एक निष्कर्ष माझ्या मनातून जात नाही. गरोदरपणी दोन-तृतीयांश मातांचे बी-१२ कमी होते. तांबड्या पेशींतील फोलेट कमी असलेली माता फक्त एक निघाली. या मातांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांचे रक्त तपासले गेले. ज्यांच्या आईच्या रक्तात बी-१२ सर्वांत कमी आणि फोलेट सर्वांत जास्त होते, त्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती, म्हणजे पुढील मधुमेहाची पहिली पाऊलखूण, सर्वाधिक दिसली. हे निरीक्षण आहे, त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही, आणि म्हणून गरोदर स्त्रीने फॉलिक अ‍ॅसिड सोडणे हा तर शुद्ध वेडेपणा ठरेल. पण एक पारडे भरत असताना दुसरे रिकामे ठेवू नये, एवढे त्यातून नक्की निघते. पुढे याच चमूने त्या मुलांना, ती मोठी होऊन स्वतः आईबाप होण्याच्या आधी, रोज बी-१२ ची छोटी मात्रा देऊन पाहण्याची चाचणी हाती घेतली.

सरकारच्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' योजनेत गरोदर स्त्रीला पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक अ‍ॅसिड आणि नंतर १८० दिवस जी तांबडी गोळी मिळते तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. गोळी चांगली आहे, जरूर घ्यावी. तीत बी-१२ नसते, हेही ठाऊक असावे.

आपल्या घरांत हा विषय अधिक जवळचा का, हे सांगायला नको. बी-१२ वनस्पती तयार करीत नाहीत, प्राणीही करीत नाहीत. ते केवळ सूक्ष्म जीवाणू करतात आणि प्राण्यांच्या शरीरात साठते. शाकाहारी माणसाला ते मिळण्याचा नैसर्गिक मार्ग म्हणजे दूध, दही, ताक, पनीर. पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते, आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. आपल्या सुना-मुली चहात चमचाभर दूध घालून दूध घेतल्याचे समाधान मानतात. तरुण पिढीतील काही जण तर करुणेच्या भावनेने दूधही सोडतात. त्या भावनेचा मला आदर आहे, परंतु त्यांनी बी-१२ ची गोळी घेतलीच पाहिजे. तेथे दुसरा मार्ग नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांत बी-१२ चे शोषण मंदावते. आमच्या मंडळात असे किती निघतील, मोजायलाच नको.

फोलेटची चिंता मात्र आपण सहसा करू नये. मुगाची उसळ, हरभरा, चवळी, तुरीचे वरण हे आपले रोजचे अन्नच फोलेटची तिजोरी आहे. शंभर ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात दोनशे मायक्रोग्रॅमच्या वर फोलेट असते, पालकात दीडशेच्या आसपास. गरोदर नसलेल्या स्त्रीला दिवसाला २२० पुरते. गरोदरपणी मात्र गरज ५७० वर जाते आणि म्हणून गोळी लागते. अष्टमी-चतुर्दशीला किंवा पर्युषणात हिरवी भाजी वर्ज्य असली तरी कडधान्ये असतातच, आणि कंदमुळे सोडल्याने या बाबतीत काही बिघडत नाही. वसईत तर तक्रारीला जागाच नाही. पहाटे टोपल्या घेऊन बाजारात बसणाऱ्या बायकांकडची मेथी आणि माठ अजून ओला असतो. ज्या वाड्यांतून तो येतो त्या दरवर्षी थोड्या आक्रसत आहेत आणि त्यांच्या जागी आमच्यासारख्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत, हे दुःख वेगळे. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवावी आणि ते पाणी आमटीत घालावे, एवढे पथ्य पुरे.

एक सूचना खास आपल्या वाचकांसाठी. अनेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. बाजारात मिळणारे बी-१२ स्वतः जीवाणूंच्या किण्वनातून तयार होते, प्राण्यापासून नव्हे. तेव्हा कवच नसलेली साधी गोळी मागावी, किंवा वनस्पतिजन्य कवच असल्याची खात्री करून घ्यावी. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर हिरवी खूण पाहावी. सुनेने आणलेल्या त्या चकचकीत खोक्यावर मी भिंग लावून शोधले. कवच जिलेटिनचेच निघाले. तिच्या मैत्रिणीने इतके सारे वाचले होते, हेच तेवढे वाचले नव्हते.

पुढच्या भेटीत आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी कागदावर एकच प्रश्न लिहून नेला होता: बी-१२ पाहिले का? त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिले, पण चिठ्ठीवर तपासणी लिहिली. माझीही वार्षिक तपासणी उरकायची होती म्हणून दुसऱ्या दिवशी एकाच रिक्षाने आम्ही वसई रोडच्या प्रयोगशाळेत जाऊन शेजारी शेजारी हात पुढे केले. माझा अहवाल इंजेक्शनांच्या कृपेने उत्तम आला. तिचा किमान मर्यादेच्या बराच खाली. हिमोग्लोबिन मात्र साडेअकरा, कोणालाही शंका न यावी असे. पिवळी गोळी तशीच चालू राहिली, सोबत बी-१२ ची गोळी आली, आणि चहातील चमचाभर दुधाची जागा सकाळ-संध्याकाळच्या भरल्या पेल्याने घेतली. ती नाक मुरडते, पण पिते. सक्रिय फोलेटचे खोके औषधवाल्याने परत घेतले नाही, पट्टी कापलेली होती.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला तिने मला आत बोलाविले. पडद्यावर करड्या धुक्यातून पांढऱ्या मण्यांची एक बारीक माळ उमटली. "हा कणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि बाण सरकवीत एकेक मणका पाहू लागल्या. जुनी सवय, त्यांच्याबरोबर मीही मनातल्या मनात मोजू लागले.